दीर्घिका कोरड्या का पडतात

परभणीला निघायच्या आदल्या दिवशी माझ्या एका सहकाऱ्यानं चहा पिता पिता मला विचारलं, "परभणी जिल्ह्यात जाऊन दीर्घिकांवर बोलणार? कोण ऐकणार? त्यापेक्षा ग्रहणावर बोला, चष्मे वाटा, पोरं खूश होतील." मी कप खाली ठेवला आणि उठले. पुण्यात बसून कुणाला काय कळेल आणि काय झेपणार नाही हे परस्पर ठरवून टाकणाऱ्या माणसांचा मला मनस्वी राग येतो. त्यात हा गृहस्थ स्वतः लातूरचा, म्हणजे रागाला व्याज चढलं.

मी दीर्घिकांवर काम करते. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा एकत्र नांदणारा संसार. आपली आकाशगंगा ही त्यातलीच एक. त्या कशा जन्मतात, कशा वाढतात आणि काहींमध्ये नवे तारे जन्मायचे का थांबतात, हे शोधणं हा माझा रोजचा उद्योग. वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत याच विषयावर माझा एक लेख आला होता, 'दीर्घिका कोरड्या का पडतात' या मथळ्याचा. त्यावरून सोनपेठ तालुक्यातल्या एका गावाहून रत्नमाला खिल्लारे नावाच्या निवृत्त शिक्षिकेचा फोन आला होता. "मॅडम, आमाला नेमकं ह्याच विषयावर बोलणारं माणूस पायजे. लय दिवसापासून हुडकायलोत." इतक्या वर्षांत दीर्घिकांसाठी एवढ्या तळमळीनं मला कुणी बोलावलं नव्हतं. त्यामुळे सहकाऱ्याला तोंड वर करून सांगता आलं की बघ, तुझ्या मराठवाड्यात माझा विषय हवाय.

परभणीच्या स्टेशनवर सकाळी उतरले तेव्हा हवेत छान गारवा होता. एसटीनं पाथरी गाठली. दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन, कापसाची शेवटची वेचणी चाललेली, मधे हरभरा आणि पोटऱ्यात आलेली, कणीस फुटायच्या बेतातली ज्वारी. पाथरीच्या स्टँडवर साईभक्तांचा एक जथा मोठमोठ्या पिशव्या घेऊन उभा होता आणि सोनपेठची गाडी कधी येईल हे सांगायला खिडकीवर कुणीही नव्हतं. शेवटी खाजगी जीप धरली. माझ्याकडे एक लांब नळकांडं होतं. त्यात एका सर्पिल दीर्घिकेचं मोठं छापील चित्र गुंडाळलेलं होतं. ड्रायव्हरनं ते माझ्या हातातून घेतलं आणि टपावर कांद्याच्या गोण्यांत खुपसलं.

"मोजणीवाल्या हाव का मॅडम?" त्यानं विचारलं.

"नाही. व्याख्यान द्यायला आलेय."

"अस्सं. मंजे काही मोजायचं न्हाई ना?" जमीन मोजणारं कुणी गावात आलं की मागून भांडण येतं, असा त्याचा अनुभव दिसला. तो निर्धास्त झाला. गोदावरी ओलांडली तेव्हा त्यानं न विचारता गाडी जरा हळू केली. पात्रात पाणी होतं, कडेला वाळूचे उकरलेले खड्डे होते, आणि जीपमधल्या एका आजींनी नदीला हात जोडले. गावात उतरून पाहते तर वरच्या गोण्यांखाली माझं नळकांडं चपटं झालेलं. चित्र उलगडलं तर दीर्घिकेच्या पोटातून आडवी चीर गेली होती. मी ड्रायव्हरला फाडफाड बोलले. तो म्हणाला, "मॅडम, कांदा जड ऱ्हातो," आणि निघून गेला.

माझा राग अजून निवायचा होता, तेवढ्यात समोरचा फलक दिसला. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, ठळक अक्षरांत: 'पुण्याच्या दीर्घिका (बारव) तज्ज्ञ मॅडम यांचे हार्दिक स्वागत.'

बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. मराठवाड्यात गावोगाव आहेत. मी तो कंस तीनतीनदा वाचला.

खिल्लारे बाई समोरून लगबगीनं आल्या. पांढरी साडी, खांद्यावर पदर, चालण्यात शाळेच्या घंटेची घाई. मी नमस्कार करायचं विसरून फलकाकडे बोट दाखवलं. "बाई, हे काय? मी आभाळातल्या दीर्घिकांवर काम करते. तारे, तारे!"

त्या जागच्या जागी थांबल्या. "आभाळातल्या?"

मग सगळं हळूहळू बाहेर आलं. माझ्या लेखाचा नुसता मथळा कापून कुणीतरी मोबाईलवर फिरवला होता. खाली माझं नाव, पुणे, शास्त्रज्ञ. पुढचा मजकूर कुणी पाठवलाच नव्हता. बाईंनी आयुष्यभर मराठी शिकवलं होतं. शब्द अडला की कोश उघडायचा ही सवय. "जुन्या कोशात बगितलं मी. दीर्घिका मंजे पायऱ्यांची लांबट इहीर. आमची इहीर कोरडी पडलेली. आन् तुमी लिवलेलं, दीर्घिका कोरड्या का पडतात. मी मनलं, सापडलं माणूस."

मी तिथंच मोबाईलवर शोधलं. बाई शंभर टक्के बरोबर होत्या. संस्कृतात दीर्घिका म्हणजे विहीरच. मला त्या क्षणी बाईंचा राग आला, त्या मथळा कापणाऱ्याचा आला, आणि सगळ्यांत जास्त ज्या कुण्या विद्वानानं गॅलेक्सीला आभाळात नेऊन विहिरीचं नाव दिलं त्याचा आला. आकाशगंगा हा इतका देखणा शब्द हाताशी असताना! पण बाईंचा चेहरा पाहिला आणि तोंड मिटलं. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "मग आता कसं करायचं? उद्या ग्रामसभा हाय."

ग्रामसभेत बारव बुजवायचा ठराव येणार होता. बुजवून वर गाळे काढायचे. गुत्तेदार (कंत्राटदार) ठरलेला होता, सरपंचांचा मेव्हणा. बाईंना वाटलं होतं की पुण्याहून जाणकार येऊन सांगेल, बारव अजून वाचवता येते. म्हणून त्या मला हुडकत होत्या.

त्या मला बारव दाखवायला घेऊन गेल्या. गावाच्या मध्यालाच, शाळेच्या पाठीमागे. तीन बाजूंनी पायऱ्या उतरत गेलेल्या, काळा दगड इतका नेमका बसवलेला की चुन्याचा ठिपका दिसत नव्हता. कोनाड्यांतल्या मूर्तींची नाकं झिजलेली. आणि तळाला काय? प्लास्टिकच्या पिशव्या, दारूच्या बाटल्या, फुटका टायर, लग्नाच्या मांडवाचं कापड. मी असा उकिरडा रस्त्याच्या कडेला रोज पाहते आणि पुढे जाते. त्या पायऱ्यांच्या तळाशी तो पाहून मात्र मला संताप आला. ज्यांनी तो केला तेच उद्या उठून म्हणणार होते की बारव घाण झालीय, बुजवा.

बाई सगळ्यांत वरच्या पायरीवर उभ्या होत्या. "माझी आई हितं उभी राहायची. घागर घेऊन. खाली उतरायची परवानगी नव्हती आमाला. वरच्या आळीतली कुणी बाई वर आली अन् तिच्या मनात आलं तर वरूनच घागरीत पाणी वतायची. मन न्हाई झालं तर आई तशीच उन्हात." त्या बौद्ध समाजातल्या. आईवडिलांनी नागपूरच्या दीक्षेनंतर लगोलग धर्म बदलला, पण विहिरीला ते कळायला आणखी बरीच वर्षं लागली, असं त्या म्हणाल्या. "मी शिक्षिका होऊन ह्याच शाळंत आले, तवा पहिल्या दिवशी सरळ खाली गेले. चप्पल काढून. पाण्यात पाय सोडून बसले. कुणी काही बोललं न्हाई. बोलले असते तर बगितलं असतं."

"आणि तुमच्या आळीतल्या लोकांना काय वाटतं?" मी विचारलं.

"माझा पुतण्याच मनतो, आत्या, बुजू दे. आपल्या अपमानाची इहीर ती. मी मनलं, मनूनच राहिली पायजे. बुजवली तर उद्या कोण मनंल, तुमाला उतरू देत नव्हते? मनतील, कुठं होती इहीर?"

 तिथंच मी एक गोष्ट मनाशी पक्की केली, की या बाईंची फजिती करून मी पुण्याला परत जाणार नाही.

संध्याकाळी त्यांच्या घरी जेवले. ज्वारीची गरम भाकरी, ठेचा, दही, आणि येसर आमटी (भाजलेली धान्यं आणि मसाले दळून केलेल्या पिठाची आमटी). शेजारच्या दोघीतिघी पुण्याची मॅडम पाहायला आल्या. आमटी चुलीवर राहून राहून दाट झाली होती आणि नाकातोंडातून पाणी येईल इतकी तिखट. बाई म्हणाल्या, "पाणी टाकायचं राहिलं. आटली की तिखट होती."

मी घास तोंडात तसाच धरून त्या पातेल्याकडे पाहत राहिले. त्याचं कारण पुढे येईल.

सकाळी ग्रामसभा. सरपंच गोड बोलणारे, पांढरा सदरा, हातात फोन. बाईंनी प्रामाणिकपणे आधीच सांगून टाकलं होतं की घोटाळा झाला, मॅडम आभाळातल्या ताऱ्यांच्या शास्त्रज्ञ आहेत. सरपंचांना इतका आनंद झाला की विचारू नका. माईक हातात घेऊन म्हणाले, "मॅडम लय मोठ्या हायेत. पण त्यांचं काम वरचं. खालचं त्यास्नी काय कळणार?" सभा खळखळून हसली. मीही कसनुसं हसले, कारण बोलणं खरंच होतं. मला विहिरीतलं काही कळत नाही.

मग ग्रामसेवक ठराव वाचायला उठले. सरकारी मराठी, एका सुरात. सदर बारव आपोआप कोरडी पडली असून निकामी झाली आहे. पुण्याहून आलेल्या तज्ज्ञांनी प्रत्यक्ष पाहणी केली असून बुजवण्यास हरकत नाही.

मला आधी वाटलं माझे कान वाजतायत. एका मिनिटापूर्वी ज्या बाईला खालचं काही कळत नाही म्हणून सगळे हसले, तिचीच पाहणी ठरावात! मी ताडकन उठले आणि ग्रामसेवकांच्या हातातून माईक जवळजवळ ओढूनच घेतला.

"मी कसलीही पाहणी केलेली नाही," मी म्हणाले. "मला विहिरी कळत नाहीत. पण एक शब्द मला कळतो. आपोआप. गेली कित्येक वर्षं आम्ही हाच शब्द खोडत बसलोय. आभाळातली एखादी दीर्घिका विझलेली दिसली की आपोआप विझली असं लिहून आम्हांला मोकळं होता येत नाही. आम्ही विचारतो, तिच्यात येणारा वायू कुणी तोडला? शेजारच्या मोठ्या दीर्घिकांच्या गर्दीनं ओरबाडला? पोटातल्या कृष्णविवरानं तापवून हाकलला? का बाहेरून यायचाच थांबला? तुमची विहीर कोरडी पडली. मग पाणी कुठून येत होतं आणि ते कुणी..."

इथं माईक बंद पडला. वीज गेली, असं कुणीतरी म्हणालं. पंखा मात्र फिरत होता. मी तसंच मोठ्यानं बोलायला गेले, पण एव्हाना लोक उठत होते, सरपंच हात वर करून म्हणत होते, "ठराव मंजूर, मंजूर," आणि कुणाचे हात वर झाले न झाले ते मला दिसलंही नाही. एवढा निलाजरेपणा मी पुण्यातल्या समित्यांमध्येही पाहिला नव्हता, आणि त्या समित्यांमध्ये मी बरंच पाहिलेलं आहे.

बाई बाहेर आल्या. तडक बारवेच्या दिशेनं चालू लागल्या. मी त्यांच्या मागे. शाळेला वळसा घातला तर बारवेच्या कडेला त्या गुत्तेदार मेव्हण्याचा मुरुमानं भरलेला ट्रॅक्टर उभा. ठराव मंजूर होऊन चहा व्हायच्या आत! म्हणजे मुरूम आधीच भरून ठेवला होता. ड्रायव्हर विडी ओढत ट्रॉली उलटवायच्या बेतात होता.

खिल्लारे बाईंनी चप्पल काढली. पायऱ्या उतरल्या. अगदी खाली, त्या बाटल्या-पिशव्यांच्या वर जी शेवटची स्वच्छ पायरी होती, तिच्यावर जाऊन बसल्या.

"बाई, कामून बसलाव? उठा ना," ड्रायव्हर ओरडला. "मला खाली करायचंय."

"कर की. मी बसलेय."

मीही चप्पल काढली. माझी परभणीची गाडी होती, ती जाणार हे कळत होतं. जाऊ दे म्हटलं. पाय घसरून एक पायरी आपटले, गुडघा सोलवटला, पण खाली पोचले. थोड्या वेळानं कालच्या शेजारणी आल्या. मग सभेतून परतणाऱ्या काही बायका वरून डोकावल्या आणि बसल्या. वरच्या आळीतल्या, खालच्या आळीतल्या. कुणी कुठं बसायचं ते त्या दिवशी कुणी ठरवलं नाही, पायरी सापडेल तिथं बसल्या. तीन बाजूंनी माणसं, मधे मी. इतकी चांगली व्याख्यानाची जागा मला कुठल्या संस्थेनं कधी दिलेली नाही.

"आता आलाव तर बोला," बाई म्हणाल्या. "तुमचंच बोला. वरचं."

सभेला बरोबर आणलेलं ते चिरलेलं चित्र मी उलगडलं, दोघींनी टोकं धरली. आणि मी बोलले. आपली सूर्यमाला जिच्यात आहे ती दीर्घिका अशी दिसत असावी, बाहेरून थंड वायू तिच्यात ओढला जातो, त्याचे तारे होतात, जुने तारे मरताना भट्टीतून लोखंड, कॅल्शियम असली जड द्रव्यं मागे टाकतात, आपल्या हाडांतला चुनाही तिथलाच. जुना तारा पाहिला की त्याच्या जन्माच्या वेळी भोवती काय होतं ते वाचता येतं, म्हणून आम्ही जुने तारे जपून पाहतो. अवकाशातल्या नव्या दुर्बिणीनं अगदी सुरुवातीच्या काळातल्याही काही विझलेल्या दीर्घिका दाखवल्यात आणि आमची गणितं त्यामुळे अडचणीत आलीत. इतक्या लवकर कशा विझल्या, यावर अजून भांडणं चाललीत.

"पण दीर्घिका एकदम रिकामी झाली का हळूहळू उपाशी मेली, हे कळतं कसं?" मी म्हणाले. "काल बाईंच्या आमटीनं मला सांगायला सोपं करून दिलं. पातेलं एकदम उपडं केलं, तर तळाला उरलेल्या घोटाची चव आधीसारखीच. पण वरून पाणी टाकणं बंद केलं आणि आमटी नुसती उकळत राहिली, तर?"

"तिखट होती," तिघीचौघी एकदम म्हणाल्या.

"तसंच. बाहेरचा ताजा वायू थांबला की आतल्या ताऱ्यांमध्ये जड द्रव्यं वाढत जातात. विझलेल्या पुष्कळ दीर्घिका अशा तिखट झालेल्या सापडतात. म्हणजे त्यांचा पुरवठा आधी तुटलेला असतो."

मला वाटलं, आता कुणी ग्रहणाचं विचारेल. पण वरच्या आळीतल्या एक वयस्कर बाई म्हणाल्या, "शेवटी शेवटी हिचं पाणी लय मचूळ लागायचं." मचूळ म्हणजे खारट, बेचव.

"हाव," दुसरी म्हणाली. "आदी गोड होतं. डाळ शिजायची हिच्या पाण्यात. मग डाळ शिजंना झाली."

"कधीपासून?" खिल्लारे बाईंनी विचारलं.

बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. मग एकीनं वर हात केला, गावाच्या चढाच्या दिशेनं. तिथं एक तळं होतं. पावसाचं पाणी धरायचं. ते भरून प्लॉट पाडले, त्यानंतर पाणी मचूळ झालं आणि मग आटलं. प्लॉट कुणी पाडले ते कुणी मोठ्यानं बोललं नाही. सगळ्यांनी ट्रॅक्टरकडे पाहिलं.

मी घाईनं म्हणाले की मला विहिरीतलं कळत नाही, हे पाण्याच्या जाणकारानं तपासायला हवं. पण माझ्याकडे आता कुणाचं लक्ष नव्हतं. आपोआप, आपोआप, असं म्हणत त्या एकमेकींच्या हातावर हात आपटून हसत होत्या, आणि त्या हसण्यात काय राग होता! वर ट्रॅक्टरवाला कंटाळला. फोनवर कुणाशी तरी बोलला आणि भरलेली ट्रॉली घेऊन निघून गेला.

पुण्याला आल्यावर सहकाऱ्यानं विचारलंच, "मग, कळलं का काही त्यांना?" मी त्याला म्हटलं, तुला आमटी करता येते का? येत नसेल तर तुला समजावणं जरा अवघड आहे. नंतर मी चार ठिकाणी फोन करून जुन्या विहिरींच्या एका खऱ्या जाणकाराला गळ घातली. तो सोनपेठला जायला तयार झाला. या प्रवासाचं वर्णन लिहिताना गावाचं नाव मी मुद्दाम गाळलं आहे आणि बाईंचं नाव बदललं आहे. बाईंचं तिथलं भांडण अजून संपलेलं नाही आणि त्यांना आणखी त्रास मला नकोय. मला स्वतःला मात्र अजूनही, आपोआप हा शब्द कुठं छापलेला दिसला तरी, कानशिलं तापल्यासारखी होतात.

परवा बाईंचा फोन आला. "मॅडम, ट्रॅक्टर पुना आला होता."

"मग?"

"आमी खाली जाऊन बसलो. व्याख्यान चालू हाय मनलं."

"कोण बोललं?"

"मीच. आमटीपस्तोर सगळं ध्यानात होतं. तुमी ठिवून गेलेल्या चित्राला पुतण्यानं चिकटपट्टी लावून दिली. पण एका बाईनं इचारलं अन् मला उत्तर आलं न्हाई. पुरवठा तोडलेला परत जोडला, तर कोरडी पडलेली दीर्घिका पुना जिती होती का?"

 अशा काही दीर्घिका आम्हांला सापडल्या आहेत. विझल्या म्हणून ज्यांचा नाद सोडला होता, त्यांच्यात बाहेरून पुन्हा वायू आला आणि नवे तारे पेटले. थोड्याच आहेत.

"होते," मी म्हणाले. "क्वचित होते, पण होते."

"वरची का खालची?"

"वरची नक्की. खालचीचं तुम्हीच मला सांगा."

"सांगते," बाई म्हणाल्या. "आदी त्या तळ्यावर प्लॉट पाडणाऱ्याला इचारून येते." आणि त्यांनी फोन ठेवला.